संगणकाचा गेलेला आवाज : कारणे, तपासणी आणि उपाय

(ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यानंतर येणाऱ्या ध्वनीच्या अडचणींचा अभ्यासपाठ)

संगणक बिघडला की आपल्यापैकी बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया दोनपैकी एक असते. एक तर आपण घाबरून त्याला हात लावत नाही, किंवा दिसेल ते बटण दाबत सुटतो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, हे आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगत आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. संगणकाचे शिक्षण म्हणाल तर बँकेच्या काउंटरवर बसून जेवढे मिळाले तेवढेच. परंतु काउंटरने एक गोष्ट पक्की शिकवली. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर घाम पुसत सगळी व्हाउचरे एकदम विसकटायची नसतात. एका टोकाने सुरुवात करायची, प्रत्येक नोंदीवर खूण करीत पुढे सरकायचे, आणि फरक सापडेपर्यंत क्रम मोडायचा नाही. प्रस्तुत पाठात हाच नियम संगणकाच्या आवाजाला लावून दाखविला आहे.

१. हा विषय का निवडला?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा थांबविला. त्यामुळे त्या सुमारास अनेकांनी आपापले संगणक विंडोज ११ वर नेले. बहुतेकांचे काम सुरळीत झाले. काहींचा मात्र आवाज गेला.

आमच्या ओळखीचा एक दृष्टिहीन विद्यार्थी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. त्याची सारी टिपणे लॅपटॉपमध्ये होती. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या एनव्हीडीए या प्रोग्रामच्या साहाय्याने तो अभ्यास करी. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली हा प्रोग्राम लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हे त्याचे दृष्टिहीन मित्र त्यास येऊन मिळाले, आणि आज जगभर तो विनामूल्य मिळतो. दिवाळीनंतरच्या एका रात्री या विद्यार्थ्याने प्रणाली बदलली. सकाळी लॅपटॉप सुरू केला तो पूर्ण गप्प. परीक्षेला पाच दिवस उरले होते. दुरुस्तीच्या दुकानात त्याला सांगण्यात आले की मदरबोर्ड बदलावा लागेल. जी रक्कम सांगितली ती ऐकून तो तसाच आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, लॅपटॉप मुका झाला, म्हणजे मी दुसऱ्यांदा आंधळा झालो हो."

डोळस माणसाचा आवाज गेला तर गाणी जातात. ज्याचा अभ्यास कानांवर चालतो त्याचा आवाज गेला तर पाटी-पुस्तकच जाते. शिवाय अडचण अशी की, ती दुरुस्त करण्यासाठी जो पडदा वाचायचा तोही त्याला आवाजाविना वाचता येत नाही. म्हणून हा विषय किरकोळ समजू नये. पुढे काय झाले ते यथावकाश सांगू. आधी थोडी पायाभूत माहिती पाहू.

२. ड्रायव्हर म्हणजे काय?

ड्रायव्हर म्हटले की आपल्याला एस.टी.चा चालक आठवतो. संगणकातला ड्रायव्हर हा त्यापेक्षा दुभाषासारखा आहे. एका बाजूस ऑपरेटिंग सिस्टिम, दुसऱ्या बाजूस ध्वनी निर्माण करणारी चिप. दोघींची भाषा वेगळी. एकीचे म्हणणे दुसरीला समजावून देणारा जो छोटा प्रोग्राम, तोच ड्रायव्हर. पडदा, छपाईयंत्र, वायफाय या प्रत्येकाला स्वतंत्र ड्रायव्हर असतो, तसा तो ध्वनीलाही असतो.

आवाजाचा प्रवास कसा होतो ते पाहा. आपण एखादे भाषण लावले, की तो प्रोग्राम आवाजाचे आकडे तयार करतो. सीडीवरील ध्वनीत एका सेकंदात असे ४४,१०० नमुने असतात. संगणकात बहुधा ४८,००० असतात. हे आकडे विंडोजच्या ध्वनिसेवेकडे जातात. एकाच वेळी दोन-तीन प्रोग्राम बोलत असतील तर त्यांचे मिश्रण तेथे होते. तेथून ते ड्रायव्हरमार्फत मदरबोर्डवरील कोडेक नावाच्या चिपकडे जातात. कोडेक आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करते, आणि त्या लहरी स्पीकरचा पडदा हलवितात. म्हणजे प्रोग्राम, ध्वनिसेवा, ड्रायव्हर, कोडेक आणि स्पीकर अशी ही पाच कड्यांची साखळी आहे. कोणतीही एक कडी तुटली तरी परिणाम एकच, शांतता. लक्षणावरून रोग ओळखता येत नाही, म्हणूनच एकेक कडी तपासावी लागते.

३. थोडा इतिहास

ही अडचण आजची नाही. डॉसच्या काळात प्रत्येक खेळाला व प्रोग्रामला ध्वनीच्या कार्डाची माहिती वेगवेगळी द्यावी लागे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर हे कार्ड १९८९ साली आले. ते इतके पसरले की इतर कंपन्या आपले कार्ड 'साउंड ब्लास्टरशी जुळणारे' म्हणून विकू लागल्या. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि जोडलेले यंत्र प्रणालीने आपणहून ओळखावे, ही पद्धत रूढ झाली. पुढे ध्वनीची चिप मदरबोर्डवरच बसू लागली. त्यासाठी इंटेलने १९९७ मध्ये एसी-९७ आणि २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ हे मानक ठरविले. आजच्या बहुतेक मेजावरच्या संगणकांतील ध्वनी याच दुसऱ्या मानकावर चालतो.

सर्वांत मोठा धक्का बसला तो जानेवारी २००७ मध्ये, विंडोज व्हिस्टाच्या वेळी. त्या प्रणालीत ध्वनीची रचना मुळापासून नव्याने लिहिली होती. पूर्वी ध्वनीचे बरेचसे काम प्रणालीच्या गाभ्यात चाले. तेथे चूक झाली की सारा संगणक कोसळे. व्हिस्टाने ते काम गाभ्याबाहेर आणले. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करण्याची आज आपल्याला सवयीची झालेली सोयही तेव्हाच मिळाली. परंतु जुन्या कार्डांचे ड्रायव्हर या रचनेत बसेनात, आणि एक्सपीवर उत्तम वाजणारी कार्डे व्हिस्टावर अडखळू लागली. यात कार्ड नादुरुस्त झालेले नव्हते. घराचा दरवाजा बदलला होता आणि हातातली किल्ली जुनीच होती.

४. प्रणाली बदलल्यावर आवाज का जातो?

मुख्य कारणे चार आहेत.

पहिले कारण, जुना ड्रायव्हर नव्या प्रणालीशी जुळत नाही. याचे नोंदलेले उदाहरण आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ आले तेव्हा इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरांवरील स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी या ड्रायव्हरच्या दोन आवृत्त्या तिच्याशी जुळत नव्हत्या. संगणक निळा पडदा दाखवून बंद पडे. मायक्रोसॉफ्टने असे संगणक नव्या प्रणालीपासून काही काळ रोखून धरले, आणि सुधारित ड्रायव्हर घातल्यावर ती अडचण मिटली.

दुसरे कारण, प्रणाली स्वतःच कंपनीचा ड्रायव्हर बाजूला सारून आपला सर्वसाधारण ड्रायव्हर बसविते. कधी त्यावर काम भागते, कधी आवाज येतो पण माइक चालत नाही, कधी काहीच होत नाही.

तिसरे कारण, ड्रायव्हर ठीक असतो, पण आवाजाची दिशा बदललेली असते. संगणक आवाज काढीत असतो, मात्र तो एचडीएमआय तारेने जोडलेल्या ज्या पडद्याला स्पीकरच नाही त्याच्याकडे पाठवीत असतो. आमच्या पाहण्यात निम्म्याहून अधिक तक्रारी याच प्रकारच्या निघाल्या.

चौथे कारण, आवाज 'सुधारणारे' जादा प्रोग्राम. डिसेंबर २०२४ मध्ये डायरॅक नावाचे ध्वनी सुधारणारे सॉफ्टवेअर असलेल्या काही संगणकांवर विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती घातल्यावर आवाज बंद होत असल्याचे आढळले. असे संगणकही तेव्हा त्या आवृत्तीपासून रोखण्यात आले होते.

५. तपासणीचा क्रम

आता मुख्य भागाकडे वळू. खालील पायऱ्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. एक पायरी पूर्ण करावी, आवाज येतो का पाहावे, मगच पुढची घ्यावी. काय केले ते वहीत लिहून ठेवावे. हा क्रम विंडोज ११ चा आहे. विंडोज १० मध्ये काही नावे थोडी वेगळी दिसतील.

पायरी पहिली : बाहेरची तपासणी. स्पीकरचा वीजपुरवठा चालू आहे का? तार हिरव्या खाचेत आहे का? (गुलाबी खाच माइकची, निळी बाहेरून ध्वनी आत घेण्याची.) कळफलकावरील मुक्याची कळ दाबली गेली आहे का? खिशातला ब्लूटूथ हेडफोन जोडलेला राहून आवाज तिकडे तर जात नाही? हसू नये, आम्ही स्वतः यात अर्धा तास घालविलेला आहे.

पायरी दुसरी : आवाजाची दिशा. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असे जावे. आवाज कोठे वाजवायचा त्याची यादी तेथे दिसते. त्यांतून आपला स्पीकर निवडावा. विंडोज, कंट्रोल आणि व्ही या तीन कळा एकत्र दाबल्या तरी ही यादी उघडते. त्याच साउंडच्या पानावर व्हॉल्यूम मिक्सर आहे. तेथे नेमका आपलाच प्रोग्राम मुका करून ठेवलेला नाही ना, हे पाहावे.

पायरी तिसरी : 'रीस्टार्ट' करावे, 'शट डाउन' नव्हे. येथे पुष्कळांचा गैरसमज असतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून जलद सुरुवातीची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन करताना प्रणालीचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. म्हणजे बिघाडही जपला जाऊ शकतो. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व काही नव्याने सुरू होते.

पायरी चौथी : ध्वनिसेवा चालू आहे का? स्टार्टमध्ये सर्व्हिसेस असे शोधावे. उघडलेल्या यादीत 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन नावांपुढे 'रनिंग' आणि 'ऑटोमॅटिक' असे दिसले पाहिजे. दिसत नसेल तर त्या नावावर उजवी टिचकी देऊन सेवा सुरू करावी.

पायरी पाचवी : जादा सुधारणा बंद करणे. साउंडच्या पानावर आपल्या स्पीकरच्या नावावर टिचकी दिली की 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' असे सदर येते. ते 'ऑफ' करावे.

पायरी सहावी : डिव्हाइस मॅनेजर. स्टार्टवर उजवी टिचकी देऊन तो उघडावा. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' या सदराखाली आपले ध्वनियंत्र असावे. पिवळा त्रिकोण असेल तर अडचण आहे. खाली वळलेला काळा बाण असेल तर ते यंत्र कोणीतरी बंद केलेले आहे. आणि यंत्र तेथे नसून 'अदर डिव्हायसेस' खाली 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' अशा नावाने बसले असेल, तर त्याला ड्रायव्हरच मिळालेला नाही असे समजावे. नावावर दोनदा टिचकी दिली की एक सांकेतिक क्रमांक दिसतो. त्याचा अर्थ असा :

१० – यंत्र सुरू होऊ शकत नाही. बहुधा ड्रायव्हर जुळत नाही.
२२ – यंत्र बंद करून ठेवलेले आहे. 'एनेबल' करावे.
२८ – ड्रायव्हर बसविलेलाच नाही.
३९ – ड्रायव्हर खराब झालेला किंवा हरवलेला आहे.
४३ – यंत्राने अडचण कळविल्यामुळे विंडोजने ते थांबविले आहे.
५२ – ड्रायव्हरवरील डिजिटल सही पटत नाही.

हा क्रमांक म्हणजे डॉक्टरांच्या हातातला रिपोर्ट. दुकानात जाण्यापूर्वी तो लिहून घ्यावा. क्रमांक २८ असताना कोणी मदरबोर्ड बदला म्हणत असेल, तर त्यास 'का?' असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

पायरी सातवी : जुन्या ड्रायव्हरकडे परत जाणे. यंत्राच्या गुणधर्मांत 'ड्रायव्हर' हे पान असते. त्यावर 'रोल बॅक ड्रायव्हर' असे बटण आहे. ते पुसट दिसत असेल तर परत जाण्याजोगा जुना ड्रायव्हर शिल्लक नाही.

पायरी आठवी : काढून पुन्हा बसविणे. 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट केले की विंडोज त्या यंत्राचा शोध घेऊन ड्रायव्हर पुन्हा लावते. येथे एक चौकट विचारली जाते, ड्रायव्हरच्या फायलीही पुसून टाकायच्या का? पर्यायी ड्रायव्हर हाताशी असल्याखेरीज त्या चौकटीत खूण करू नये. हे वाक्य आम्ही स्वतः फी भरून शिकलो आहोत.

पायरी नववी : कंपनीचा ड्रायव्हर. लॅपटॉपच्या मागे किंवा 'सिस्टिम इन्फर्मेशन' मध्ये मॉडेलचे पूर्ण नाव मिळते. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्याच अधिकृत स्थळावरून नेमक्या त्या मॉडेलचा आणि नेमक्या त्या प्रणालीचा ड्रायव्हर घ्यावा. चिप कोणाची हे ओळखायचे असेल तर यंत्राच्या गुणधर्मांतील 'डीटेल्स' पानावर 'हार्डवेअर आयडीज' निवडावे. 'व्हीईएन' या अक्षरांपुढील खूण १०ईसी असेल तर रिअलटेक, ८०८६ असेल तर इंटेल, १००२ असेल तर एएमडी आणि १०डीई असेल तर एनव्हीडिया. शेवटच्या दोन खुणा बहुधा पडद्याकडे जाणाऱ्या एचडीएमआय ध्वनीच्या असतात. त्या दिसल्या म्हणून स्पीकरचा ड्रायव्हर जागेवर आहे असे समजू नये.

पायरी दहावी : काहीच जमले नाही तर विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर लावून पाहावा. 'अपडेट ड्रायव्हर' मध्ये आपल्या संगणकावरील यादीतून निवडण्याची सोय आहे. तेथे 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' हे नाव घ्यावे. त्यानेही भागले नाही, तर प्रणाली बदलून दहा दिवस व्हायच्या आत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी येथील 'गो बॅक' ने जुन्या प्रणालीकडे जाता येते. हा शेवटचा उपाय समजावा, कारण पाठिंबा संपलेल्या प्रणालीवर फार काळ राहणे सुरक्षित नाही.

जाता जाता माइकबद्दल. आवाज येतो पण समोरच्याला आपले बोलणे ऐकू जात नाही, अशी तक्रार असेल तर ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली 'मायक्रोफोन' पाहावे. तेथे प्रोग्रामांना माइक वापरण्याची परवानगी द्यावी लागते.

६. त्या विद्यार्थ्याचे काय झाले?

आता आमची चूक कबूल करण्याची वेळ आली. लॅपटॉप समोर येताच आम्ही थेट डिव्हाइस मॅनेजर उघडला. इंटेलच्या ध्वनि-नियंत्रकावर पिवळा त्रिकोण होता, क्रमांक १०. आम्ही तो सरळ काढून टाकला, आणि उत्साहाच्या भरात फायली पुसण्याच्या चौकटीतही खूण केली. रीस्टार्ट केल्यावर पाहतो तो यंत्राचे नावच बदललेले, 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर', क्रमांक २८. आधी दुभाषी आजारी होता, आता आम्ही त्याला गावाबाहेर काढले होते. विद्यार्थी शेजारी बसून विचारीत होता, "काका, काय झालं? काही दिसतंय का?" त्याला काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचेना.

तेवढ्यात शेजारची मुलगी आपले यूएसबी हेडफोन घेऊन आली. यूएसबी हेडफोनमध्ये ध्वनीची चिप त्याच्या स्वतःच्या पोटात असते, आणि तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. लॅपटॉपच्या कोडेकशी त्याचा काही संबंध नसतो. ही गोष्ट आम्हाला पुस्तकात वाचून ठाऊक होती, पण वेळेवर आठवली नव्हती. हेडफोन लावला. विद्यार्थ्याने कंट्रोल, ऑल्ट आणि एन या कळा दाबून एनव्हीडीए पुन्हा सुरू केले आणि क्षणभर मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "बोललं."

पुढचे काम आम्ही केले नाही, त्यानेच केले. कळफलकावरूनच त्याने कंपनीचे स्थळ उघडले आणि मॉडेल शोधले. आमच्या लक्षात न आलेली गोष्टही त्यानेच वाचून दाखविली. ध्वनीसाठी ड्रायव्हर एक नव्हता, दोन होते. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत कोडेक ही इंटेलच्या ध्वनि-नियंत्रकाच्या मागे जोडलेली असते. आधी नियंत्रकाचा ड्रायव्हर बसला तरच कोडेक दिसते, आणि मग तिचा ड्रायव्हर बसतो. फाटक उघडल्याशिवाय दारापर्यंत जाता येत नाही, तसेच हे. त्या क्रमाने दोन्ही बसवून रीस्टार्ट केले, आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून आवाज आला. मदरबोर्डला काहीही झालेले नव्हते. खर्च शून्य रुपये. त्याने लेखनिकाला सोबत घेऊन परीक्षा वेळेवर दिली.

या प्रसंगातून आम्ही दोन धडे घेतले. ज्याचा संगणक आहे त्याला बाजूला बसवून दुरुस्ती करू नये, त्याच्या हाती साधन द्यावे. आणि दुरुस्तीचा क्रम दुसऱ्याला शिकविणाऱ्याने तो आधी स्वतः पाळावा.

७. प्रणाली बदलण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

(अ) परीक्षा, मुलाखत किंवा ऑनलाइन वर्ग तोंडावर असताना प्रणाली बदलू नये. काम संपल्यावर, सुट्टीच्या दिवशी बदलावी.

(आ) महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

(इ) डिव्हाइस मॅनेजरमधील ध्वनियंत्राचे नाव आणि ड्रायव्हरची आवृत्ती वहीत लिहून ठेवावी.

(ई) आपल्या मॉडेलचे ध्वनी व वायफाय यांचे नवे ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावेत. वायफायचाही ड्रायव्हर गेला तर दुसरा उतरविणार कसा?

(उ) विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांची प्रणाली आहे. ३२ बिटांचे जुने ड्रायव्हर तिच्यावर चालत नाहीत. जुनी बाहेरची ध्वनिसाधने असल्यास हे आधी पाहावे.

(ऊ) दृष्टिहीन विद्यार्थ्यांनी, आणि त्यांच्यासाठी संगणक ठेवणाऱ्या प्रत्येक अभ्यासिकेने, एक यूएसबी हेडफोन किंवा छोटे यूएसबी ध्वनिसाधन जवळ ठेवावेच. अंधारात जशी घरात काडेपेटी, तसे हे साधन.

८. फसवणुकीपासून सावध

बँकेत काम करीत असल्यामुळे हा भाग लिहिल्याशिवाय राहवत नाही. ड्रायव्हर कंपनीकडून विनामूल्य मिळतो. 'तुमचे अमुक ड्रायव्हर जुने झाले आहेत, पैसे भरा' असे सांगणारे प्रोग्राम घेऊ नयेत. त्यांतील काही निरुपयोगी असतात, काही घातक. शोधयंत्रात सापडलेल्या कोणत्याही 'ग्राहक सेवा' क्रमांकावर फोन करू नये. दुरुस्तीच्या नावाखाली आपला पडदा दुरून पाहण्याची परवानगी मागणारा अनोळखी माणूस आवाज आणून देईलही, पण त्याच वेळी खात्यातली रक्कम घेऊन जाईल. ओटीपी, पिन, पासवर्ड यांचा ड्रायव्हरशी कसलाही संबंध नसतो. ते विचारले की फोन ठेवून द्यावा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे आणि आपल्या बँकेलाही सांगावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थोपविली जाण्याची शक्यता अधिक.

समारोप

संगणकाचा आवाज गेला म्हणजे संगणक मेला असे नव्हे. पाच कड्या आहेत, दहा पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर विचारण्यासारखा एक साधा प्रश्न आहे. इंग्रजी शब्द पाहून बुजू नये. पडद्यावरील प्रत्येक सूचना सावकाश वाचावी, न समजलेला शब्द वहीत उतरवावा. ज्ञान हे काही मोजक्या माणसांच्या दुकानातला माल नाही. ज्याला एक ड्रायव्हर बसविता आला त्याने तो आणखी दोघांना शिकवावा, एवढीच वाचकांस विनंती.

स्वाध्याय

१. आवाजाच्या प्रवासातील पाच कड्या क्रमाने लिहा.
२. 'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' यांतील फरक सांगून, बिघाड शोधताना दुसरे का करावे ते स्पष्ट करा.
३. सांकेतिक क्रमांक १०, २२ आणि २८ यांचे अर्थ सांगा. यांपैकी कोणत्या वेळी ड्रायव्हर नव्याने बसवावा लागत नाही?
४. लॅपटॉपचा ध्वनी-ड्रायव्हर गेलेला असतानाही यूएसबी हेडफोन का चालतो?
५. आपल्या घरच्या किंवा अभ्यासिकेतील संगणकाच्या ध्वनियंत्राचे नाव व ड्रायव्हरची आवृत्ती आजच पाहून वहीत नोंदवा.